डबल बेल झाल्यावर बसला वाट द्यायची का?

प्रश्न : मी धायरीहून रोज स्कूटरवर स्वारगेटला जाते. स्टॉपवरची बस उजवा इंडिकेटर देते तेव्हा मी थांबले, तर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. पण बसवाले तरी गाडी स्टॉपला नीट कुठं लावतात? रस्त्यातच उभी करतात. मग त्यांना वाट का द्यायची? जर्मनीतला माझा भाचा म्हणतो, तिकडे बसला आधी सोडावंच लागतं. खरं का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, थांबत जा. बस रस्त्यात उभी राहते आणि तिला कुणी वाट देत नाही, ही एकच गोष्ट आहे.

2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा मिळून पीएमपीएमएल झाली, त्याच्या बरंच आधीपासून मी पुण्यात बस चालवत होतो. नवा होतो तेव्हा प्रत्येक स्टॉपला गाडी फुटपाथला अगदी लागून घ्यायचो. माणसं चढायची, कंडक्टर डबल बेल द्यायचा आणि मी इंडिकेटर देऊन आरशात बघत बसायचो. सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला एका संध्याकाळी मोजलं : एकेचाळीस दुचाक्या आणि सात रिक्षा गेल्या, तेव्हा कुठं फट मिळाली. आत माणसं घामाघूम, पुढच्या स्टॉपवर गर्दी वाढतेय. रोज प्रत्येक स्टॉपवर हेच झालं की हाताला सवय लागते. गाडी पूर्ण आत घ्यायचीच नाही, तोंड उजवीकडं ठेवायचं.

मीही तसं केलंय, आणि ते चूक होतं. एकदा एक आजी उतरत होत्या. एक पाय पायरीवर, एक खाली, दांडा घट्ट धरलेला. फुटपाथ आणि बसच्या मधल्या जागेतून एक मोटरसायकल सुसाट आली आणि त्यांच्या हातातली पिशवी उडवून गेली. मेथीच्या जुड्या गाडीपुढं विखुरल्या. आजींना काही झालं नाही, पण पुढचे दोन स्टॉप मला गिअर धड टाकता येत नव्हता. मी गाडी आत लावली असती, तर तिथून मोटरसायकल जाऊच शकली नसती.

बारा मीटरची गाडी स्कूटरसारखी चटकन बाहेर निघत नाही. स्टिअरिंग एकदम उजवीकडं कापलं, तर मागचा भाग डावीकडं झुकतो आणि स्टॉपवर उभ्या माणसाला लागू शकतो. म्हणून हळूहळू तिरकं निघावं लागतं. त्याला फक्त चार-पाच सेकंद लागतात, तेवढे द्या.

तुम्ही बसच्या मागं असाल आणि इंडिकेटर लागला असेल, तर वेग कमी करा. मात्र बसच्या मधोमध पोचला असाल तर अचानक ब्रेक दाबू नका, सरळ पुढं निघा. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागच्यांसाठी ब्रेक आधीच दोनदा हलकासा दाबा, लाल दिवा लुकलुकला की ते सावध होतात. आणि डाव्या बाजूनं तर कधीच घुसू नका.

भाचा बरोबर सांगतो. जर्मनीत खूण केलेल्या स्टॉपवरून निघणाऱ्या बसला जाऊ द्यावंच लागतं, गरज पडली तर थांबावं लागतं. सिंगापूरनं 2008 पासून ठरावीक बस-बे, म्हणजे स्टॉपसाठी रस्त्याच्या कडेला आत घेतलेली जागा, त्यांच्या तोंडाशी रस्त्यावर खुणा आखून हाच नियम लावला. म्हणून तिथल्या ड्रायव्हरनं डोळे मिटून गाडी घुसवावी असं नाही. इंडिकेटर द्यायचा, आरसा बघायचा, मगच निघायचं.

रस्त्यात उभी राहणारी बस दिसली, तर गाडीचा नंबर, स्टॉप आणि वेळ टिपून तक्रार जरूर करा. पण त्याच संध्याकाळी दुसरी बस फुटपाथला लागून उभी असेल आणि इंडिकेटर देत असेल, तर तिला सोडा, ताई.