‘ॲज इज’ लिहून गाडी विकली, पण ब्रेकचं काय?

कॅलिफोर्नियातल्या एका वाचकाने विचारलंय, थोडक्यात असं: माझ्याकडे १९६६ ची पाँटियाक जीटीओ होती, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी आणि एका मित्राने किट आणून घरच्या गॅरेजमध्ये पुढे डिस्क बसवले. किटमधला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा) पाइपला नीट जुळेना म्हणून तो राहू दिला, नंतर बघू म्हटलं. मागची चाकं जरा लवकर लॉक होतात हे आम्हाला जाणवलं होतं, तसे मेसेजही एकमेकांना केलेत. पुढे गाडी ४१,००० डॉलरला विकली, बिल ऑफ सेलवर ‘ॲज इज’ (म्हणजे जशी आहे तशी) लिहून सही घेतली. जाहिरातीत ‘फ्रंट डिस्क कन्व्हर्जन, प्रोफेशनल इन्स्टॉल’ लिहिलं होतं. दोन महिन्यांनी पावसात गाडी फिरली आणि रॅम्पच्या कठड्याला धडकली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. आता घेणारा १४ दिवसांत ११,६०० डॉलर मागतोय: बॉडीचे ८,९००, ब्रेक नीट करायचे १,९००, टोइंग आणि भाड्याच्या गाडीचे ८००. ब्रेक बदलणंच बेकायदेशीर होतं का? ‘ॲज इज’ असताना मी पैसे का द्यायचे? आणि ते मेसेज डिलीट केले तर चालेल का?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण त्यात चूक झाली तर बाकी काहीच सावरता येणार नाही. मेसेज डिलीट करू नका, जाहिरात काढली असेल तर तिचा स्क्रीनशॉट शोधून ठेवा, किटचा कागद, पावत्या, बसवतानाचे फोटो सगळं एका फोल्डरमध्ये घाला. दावा होणार हे कळल्यावर पुरावा मुद्दाम नष्ट करणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, पीनल कोडचं कलम १३५. शिवाय तेच मेसेज मित्राच्या फोनवर आहेतच, म्हणजे तुमच्याकडून गेले आणि तिकडून निघाले तर जज तुमचं दुसरं काहीही खरं मानणार नाही.

आता ब्रेक बदलण्याचं. नाही, त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. अमेरिकेचे फेडरल सेफ्टी स्टँडर्ड १ जानेवारी १९६८ नंतर बनलेल्या गाड्यांना लागू झाले, तुमची गाडी त्याआधीची. आणि सुरक्षेची यंत्रणा निकामी करू नका असा जो फेडरल नियम आहे (टायटल ४९, कलम ३०१२२) तो उत्पादक, डीलर, भाड्याने गाड्या देणारे आणि रिपेअर शॉप यांच्यासाठी आहे, स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करणाऱ्या मालकासाठी नाही. त्या वर्षीच्या जीटीओला साडेनऊ इंची ड्रम आणि एकाच खान्याचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलावर दाब देणारा) यायचा, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अशा गाडीला पुढे डिस्क आणि दोन खान्यांचा सिलिंडर लावणं हे चांगलंच काम आहे, कोणी त्याबद्दल तुम्हाला नावं ठेवू नयेत. राज्याचा नियम एवढाच की ब्रेक चांगल्या, चालू स्थितीत हवेत आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवर शक्य तितके सारखे लागले पाहिजेत, व्हेइकल कोड २६४५३.

अडचण पुढे आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. डिस्कला जास्त प्रेशर लागतं, मागचे ड्रम कमी प्रेशरवरच घट्ट धरतात, म्हणून मागचं प्रेशर कमी करायला तो व्हॉल्व्ह असतो. तो नसला की ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. कोरड्या रस्त्यावर गल्लीतल्या गल्लीत टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्याला हे कळणं कठीण. कायद्याच्या दृष्टीने हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तुम्हाला माहीत होतं आणि त्याला सहज कळण्यासारखं नव्हतं.

‘ॲज इज’ चा उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. माल ठीकठाक असण्याची जी न बोललेली हमी कायदा धरतो ती मुळात व्यापाऱ्यावर असते, तुम्ही डीलर नाही, आणि उरलंसुरलं ‘ॲज इज’ ने गेलं. पण तुम्ही स्वतः शब्दात जे सांगितलं ते त्याने पुसलं जात नाही. ‘प्रोफेशनल इन्स्टॉल’ हे गाडीचं वर्णन आहे, आणि ते वाचून त्याने सौदा केला असेल तर ती स्पष्ट हमी झाली, मग विकणारा डीलर असो की घरगुती माणूस. त्यासाठी तुमचा फसवायचा हेतू होता हेसुद्धा त्याला सिद्ध करावं लागत नाही, काम शॉपने केलं नव्हतं एवढं पुरतं. दुसरं म्हणजे माहीत असलेला दोष लपवणं, आणि फसवणुकीपासून स्वतःला वाचवणारा करार सिव्हिल कोडचं कलम १६६८ मानतच नाही. फसवणुकीच्या दाव्याची मुदत ती लक्षात आल्यापासून ३ वर्षं असते, म्हणून आपण गप्प बसलो की तो थकेल ही आशा ठेवू नका.

स्पष्ट सांगतो, तुमच्या जाहिरातीतले ते दोन शब्द आणि मित्राला केलेला तो मेसेज एकत्र ठेवले तर तुमची बाजू कमकुवत आहे. मी तुमच्या जागी असतो तर हे कोर्टापर्यंत जाऊ दिलं नसतं.

म्हणून पूर्ण ११,६०० द्यायचे असंही नाही. त्याने लिहिलेला प्रत्येक आकडा तपासायचा हक्क तुम्हाला आहे. दुरुस्ती सुरू व्हायच्या आधी गाडी बघायला मागा, तुमच्या ओळखीचा एखादा जुन्या गाड्यांवर काम करणारा मेकॅनिक घेऊन जा, एस्टिमेट आणि फोटो घ्या. टायर नक्की बघा, साइडवॉलवर ‘DOT’ या अक्षरांपुढच्या कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते, या गाड्यांवर पुष्कळदा नक्षी शाबूत आणि रबर मात्र दहा-बारा वर्षांचं असतं. (ते टायर तुम्हीच दिलेले असतील तर मात्र हा मुद्दा काढू नका.) दोन महिन्यांत त्याला मागची चाकं लॉक झाल्याचं आधी कधी जाणवलं होतं का, तरी तो तशीच चालवत राहिला का, पावसात वेग किती होता, हे विचारा. निष्काळजीपणाच्या दाव्यात कॅलिफोर्निया ज्याची जितकी चूक तितकी रक्कम वजा करतं. मुद्दाम लपवल्याचं सिद्ध झालं तर ही वजाबाकी मिळत नाही, आणि म्हणूनच मी समेटावर इतका भर देतोय. त्याने घेण्याआधी स्वतःचा माणूस आणून गाडी खालून बघितली असेल तर तेही लिहून ठेवा, तो तुमच्या शब्दावर किती विसंबला हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आणखी एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. त्याच्या विमा कंपनीने बॉडीचे पैसे आधीच दिलेत का? दिले असतील तर ती रक्कम मागायचा हक्क कंपनीकडे जातो आणि तुम्ही त्याला पैसे दिल्यावर महिन्याभराने कंपनीचं पत्र दारात येतं. हे लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. तुमची अंब्रेला पॉलिसी (घर-गाडीच्या विम्यावरचा जास्तीचा विमा) असेल तर तुमच्या कंपनीलाही आजच कळवा, उशिरा कळवलं म्हणून हात वर करायला त्यांना निमित्त मिळायला नको. आणि विकल्यावर ५ दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याला, जे कळवायचं असतं ते केलं होतं ना, त्याची पोच शोधा.

कोर्टाचं बोलायचं तर त्याची मागणी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, बसते, तिथे एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात. सुनावणीला वकील चालत नाही, म्हणजे मी तुमच्या शेजारी उभा राहू शकणार नाही, पण प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्सचा मोफत सल्लागार असतो, त्याच्याकडे जरूर जा. हरलात तर तुम्हाला ३० दिवसांत अपील करता येतं, दावा लावणाऱ्याला हरला तर येत नाही. पण बोलणी बिघडली आणि तो वकील करून नेहमीच्या दिवाणी कोर्टात गेला तर १२,५०० ची मर्यादा राहत नाही आणि फसवणुकीबद्दल दंडात्मक भरपाईसुद्धा मागता येते, तो धोका घेण्यासारखा नाही.

माझ्या मते ब्रेकचे १,९०० पूर्ण मान्य करा, ते तुमच्याकडेच येतात. बाकीच्यात निम्म्यापासून बोलणी सुरू करा, सगळं मिळून सात-साडेसात हजारात मिटलं तर बरं झालं समजा, आठपर्यंत गेलं तरी मी सही करा म्हणेन. हा प्रस्ताव त्याला पत्राने पाठवा आणि पत्रावर वरच ‘फक्त समेटासाठी’ असं लिहा. पैसे द्यायच्या आधी रिलीजवर, म्हणजे दावा सोडल्याच्या करारावर, सही घ्या, त्यात या विक्रीतून निघणारे सगळे दावे संपले असं हवं, आणि सिव्हिल कोड १५४२ चा हक्क सोडल्याची ओळ हवीच, नाहीतर आज माहीत नसलेला दावा उद्या उभा राहतो. रिलीजमध्ये मित्राचंही नाव घाला. बिचाऱ्याने फुकट मदत केली, पण ब्रेकला त्याचाही हात लागलाय आणि त्याच्यावरही दावा होऊ शकतो, तर त्याला आजच सांगा. सगळं त्याच्यावर ढकलायचा विचार मनात असेल तर सोडा, जाहिरात तुम्ही लिहिली होती.

पत्र १४ दिवसांच्या आत ईमेलने आणि सर्टिफाइड मेलने, दोन्हीकडून जाऊ द्या. एका गोष्टीसाठी मात्र पत्राची वाट बघू नका. त्या गाडीत व्हॉल्व्ह नाही हे घेणाऱ्याला अजून नेमकं माहीत नसेल, बॉडी शॉप पत्रा ठोकून रंग मारून गाडी परत देईल आणि तो ती पुन्हा रस्त्यावर काढेल. आजच मेसेज करा, की मागच्या ब्रेकच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावलेला नाही, तो बसवेपर्यंत कृपया गाडी चालवू नका. वकील म्हणून असं काही लिहून द्यायला मी सहसा सांगत नाही, इथे सांगतोय.