कासवाच्या जुन्या जीवाश्माची फेरतपासणी: सुरुवात कुठून?

पुण्यातल्या कॉलेजच्या संग्रहात शिवालिकच्या (हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांतल्या) नामशेष महाकासवाच्या कवचाचा जुना तुकडा आहे, पुन्हा तपासायचा तर आधी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी खरं हाड किती आणि प्लास्टर किती ते ठरवा. एकोणिसाव्या शतकात फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी या कासवाचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा त्याचं कवच 12 फुटांहून लांब मांडलं गेलं. आज ते साधारण 2 मीटर मानतात. जोडलेल्या तुकड्यांवरून काढलेलं माप असंच फसवतं.

अंधाऱ्या खोलीत यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा. लाखेचा जुना लेप नारिंगी चमकतो. प्लास्टर नखानेही ओरखडतं, पण नख फक्त कडेला, अगदी हलकं लावा. नागमोडी, दातेरी रेघ म्हणजे हाडांचा सांधा. गुळगुळीत खाच म्हणजे खवल्याची सीमा. या दोन्हींत गल्लत झाली की ओळखच चुकते. लांबी सरळ रेषेत आणि कवचाच्या वक्रावरून, दोन्ही नोंदवा.

ॲसिड अजिबात नको, हाड खातं. फटीतली माती धुऊ नका, मूळ थर तीच सांगते! सरसाचे जोड पुण्याच्या पावसाळ्यात सैल पडतात, तेव्हा उचलाउचल डिसेंबर-जानेवारीत करा. आणि तुकड्यासोबतची जुनी चिठ्ठी, फाटकी असली तरी, जपाच.