सहा वर्षांनी परत रेसिंग चेअरमध्ये बसलो, आता स्पर्धेत उतरू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी ऐरोलीला राहतो, वय ३४. २०११ ला अपघातात पाठीला मार लागला, टी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला इंज्युरी, कमरेखाली काही कळत नाही. २०१५ ते २०२० व्हीलचेअर रेसिंग केलं, टी-५४ क्लासमध्ये (हा स्पर्धेतला गट, मणक्याचा नंबर नाही), स्टेटला ४०० आणि ८०० मीटर पुश केलंय, म्हणजे हातानं चाकं ढकलत. मग लॉकडाऊन लागला, ट्रॅक बंद, नंतर नोकरी, लग्न, मुलगी, आणि रेसिंग चेअर कळव्याला आईच्या गॅलरीत ताडपत्रीखाली पडून राहिली. वजन ९ किलो वाढलं. २०२५ ला दिल्लीत वर्ल्ड पॅरा अ‍ॅथलेटिक्स झालं ते मोबाईलवर बघितलं आणि तेव्हापासून झोपेत पण पुशच करतोय. मागच्या महिन्यात चेअर घरी आणली, टायरमध्ये हवा भरली आणि रविवारी पहाटे पाम बीच रोडला ८ किमी मारले. दम लागला पण इतकं बरं वाटलं की काय सांगू. दुसऱ्या दिवसापासून उजवा खांदा धरला, चार दिवस बेडवरून चेअरवर येताना डोळ्यात पाणी. बायको म्हणते खांदा गेला तर घराचं काय. तीन महिन्यांनी ट्रायल आहे असं ऐकलंय. उतरू का?

उत्तर : भाऊ, तीन महिन्यांनी उतरू नका. पण रेसिंगला परत या, नक्की या, आणि ह्या दोन्ही गोष्टी मी तितक्याच मनापासून सांगतोय.

तुमचं त्या रविवारी काय झालं ते आधी सांगतो कारण सगळं त्यातच आहे. ब्रेकनंतर शरीरातलं सगळं एका वेगानं परत येत नाही. दम, म्हणजे हार्ट आणि फुप्फुसं, काही आठवड्यांत सुधारायला लागतात, त्यांच्या मागोमाग स्नायू येतात, पण खांद्यातले टेंडन, जे स्नायूला हाडाशी बांधून ठेवतात, त्यांना रक्तपुरवठाच कमी त्यामुळे त्यांना महिने लागतात. त्यात तुमच्या हातांना पुश कसा मारायचा ते अजून पाठ आहे, सहा वर्षांनी पण विसरलेलं नाही. म्हणजे टेक्निक जुनं, जोर बऱ्यापैकी, आणि टेंडन मात्र ऑफिसच्या खुर्चीतले. दम म्हणाला चल अजून एक किमी आणि तुम्ही गेलात. पहिले काही महिने दमाचं ऐकायचंच नाही, जो सगळ्यात हळू येतोय त्याच्या हिशोबानं चालायचं.

आणि वहिनींचं म्हणणं अजिबात उडवून लावू नका. पायानं पळणाऱ्याचा गुडघा दुखला तर तो रिक्षा करून घरी जातो, चार दिवस झोपून राहतो. आपला खांदा दुखला तर बेडवरून संडासला जायची पंचाईत होते, दिवसभरातली प्रत्येक ट्रान्सफर, म्हणजे बेडवरून चेअरवर, चेअरवरून कमोडवर सरकणं, त्याच खांद्यावर आहे. माझं स्वतःचं झालंय हे. तीन वर्षांच्या गॅपनंतर पहिल्याच महिन्यात मी जुना टाइम काढायच्या मागे लागलो, आणि पुढचे सहा आठवडे आईला मला ट्रान्सफर बोर्डवरून सरकवायला लागलं, तेव्हा तिचं वय ६१ होतं. तिच्या कमरेला हात लावून उठणं मला अजून दिसतं. म्हणून मी ह्या बाबतीत कडक आहे.

तर आता आधी फिजिओ. हात बाजूनं वर नेताना मध्येच कळ येते का, रात्री त्या कुशीवर झोपलं की दुखतं का, हे त्यांना नीट सांगा, कारण ही टेंडन चिमटत असल्याची खूण असू शकते आणि तसं असेल तर पुशिंग थांबवून आधी ते बरं करायचं. पुश मारताना छाती आणि खांद्याचा पुढचा भाग काम करतो, डे चेअर, म्हणजे रोजची व्हीलचेअर, ढकलताना पण तोच, त्यामुळे पाठ मागे पडते आणि खांदे पुढे ओढले जातात. रबराचा बँड खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढायचा व्यायाम, आणि कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा व्यायाम, हे दोन्ही फिजिओकडून नीट शिकून घ्या. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सांगतो की एक दिवस पुश केलंत तर एक दिवस ओढा.

खांदा शांत झाला की पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनच दिवस, लागोपाठ नाही, २० मिनिटं, आणि इतकं हळू की शेजारी सायकलवर असलेल्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. घड्याळ घरी ठेवा. नंतर आधी वेळ वाढवायचा, वेग नाही, आणि दीड-दोन महिन्यांनी आठवड्यातला एक दिवस छोटे छोटे जोरात पुश, मध्ये भरपूर आराम. चार महिन्यांच्या आसपास ४०० ची टाइम ट्रायल घ्या. ती २०१९ च्या टाइमशी लावू नका, त्या माणसाचं वजन ९ किलो कमी होतं आणि घरी रात्री उठणारी मुलगी नव्हती. पुढची ट्रायल ह्या ट्रायलशी लावा. परतीची पहिली रेस ४०० चीच धरा, पूर्ण लेनमध्ये असते, गर्दीत चाकाला चाक लागायची भीती नाही. १५०० आणि पुढचं, जिथे एकमेकांच्या मागे चिकटून जायला लागतं, ते सराव बसल्यावर.

चेअरचं मात्र मला खरंच टेन्शन आलं तुमचं पत्र वाचून. सहा वर्षं खाडीच्या हवेत गॅलरीत पडलेली चेअर, आणि तुम्ही हवा भरून थेट पाम बीचला! रेसिंगचे टायर ट्यूब्युलर असतील तर ते रिमला ग्लूनं चिकटवलेले असतात आणि तो ग्लू वाळतो, बेंडवर, म्हणजे ट्रॅकच्या वळणावर, जोरात असताना टायर रिमवरून निघाला तर चेअर उलटी. टायर काढून नवे लावा, ग्लू नवा लावा. पुढच्या फोर्कजवळ आणि वेल्डिंगच्या जागी तडा आहे का ते टॉर्च मारून बघा, बेअरिंग बदला. कंपेन्सेटर, म्हणजे बेंडला पुढचं चाक वळवून धरणारा दांडा, तो हातानं दहा वेळा मारून बघा, अडकत असेल तर ट्रॅकवर जाऊच नका. हेल्मेट नवीन घ्या, ८०० आणि पुढच्या रेसला ते कंपल्सरी आहेच पण तुम्ही सरावाला पण घाला.

आणि सीट. ९ किलो वाढलेत म्हणजे कंबर पण वाढली, आणि तुम्ही त्याच जुन्या सीटमध्ये घुसून बसलात. कमरेखाली कळत नाही म्हणजे घासतंय ते पण कळत नाही. प्रत्येक वेळी उतरल्यावर मोबाईलनं फोटो काढून कातडी बघा, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत रेसिंग चेअरमध्ये बसायचं नाही. प्रेशर सोअरनं, म्हणजे दाबून होणाऱ्या जखमेनं, सीझनच्या सीझन गेलेले मी बघितलेत. सीट रुंद करून घ्यायला खर्च येतो पण सगळ्यात आधी पैसा तिथेच घाला, नवीन ग्लोव्हजवर नंतर.

पाम बीचला एकट्यानं जाऊ नका हो. आपण जमिनीपासून इतके खाली, मान खाली घातलेली, आणि तिथे पहाटे गाड्या सुसाट असतात, त्यांना आपण दिसतच नाही. मागे सायकलवर कुणीतरी, उंच झेंडा आणि लाल लाइट, त्याशिवाय रस्ता नको. त्यापेक्षा ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियमला ट्रॅकची वेळ विचारा, ऐरोलीहून लांब नाही, चाकं काढली की चेअर गाडीत मागची सीट पाडून बसते. पावसाळ्यात ओल्या पुशरिमवर, म्हणजे चाकाच्या ढकलायच्या कड्यावर, ग्लोव्ह सटकतो, तेव्हा घरीच रोलर, म्हणजे चेअर जागेवर ठेवून चाकं फिरवायचा स्टँड. रोलरवर वारा लागत नाही आणि इंज्युरीच्या खाली घाम नीट येत नाही, म्हणून समोर पंखा आणि पाण्याचा स्प्रे हवाच. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची इंज्युरी टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर त्यांनी उकाड्याचं जास्तच सांभाळायचं, आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला तर लगेच थांबून ताठ बसायचं, लघवीची पिशवी-नळी तुंबली आहे का बघायचं, कमी नाही झालं तर सरळ हॉस्पिटल.

कागदांचं आत्ताच बघून ठेवा. राज्य संघटनेकडे तुमचं क्लासिफिकेशन, म्हणजे टी-५४ हा गट ठरवणारी तपासणी, अजून चालतं की परत करायला लागेल ते विचारा. आणि एक गोष्ट तुमच्या ब्रेकमध्ये बदललीय : नसांच्या दुखण्यासाठी आपल्यातले बरेच जण ट्रामाडॉल घेतात, ते १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बॅन आहे. पाणी उतरवायच्या गोळ्या तर कायमच बॅन. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे बसा, पण स्वतःच्या मनानं काही बंद करू नका.

वहिनींना एकदा सोबत ट्रॅकवर घेऊन जा, मुलीला पण. खांदा दुखला तर मी थांबेन हे त्यांना आधी सांगा आणि दुखला की खरंच थांबा. चौथ्या आठवड्यानंतर खांदा कसा आहे ते मला लिहा, रात्री त्या कुशीवर झोप लागते का तेवढं आवर्जून.