बेटावर जाऊन किड्यांवर संशोधन करायला पैसे कुठून आणायचे?

आधी मार्गदर्शक गाठ, पैशांचं नंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा (एनएसएफ) आरईयू, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणारा कार्यक्रम, विद्यावेतन देतो, पण तो अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांपुरताच. तेव्हा पात्रता पहिल्यांदा वाच. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेचं संशोधन केंद्र आहे, तिथे इतर देशांचे विद्यार्थीही येतात.

नवखे अंदाजपत्रकात विमानाचं तिकीट लिहितात आणि थांबतात. केंद्राचं रोजचं भाडं, बोट, विमा यांतच खरा पैसा जातो. नमुन्यांसाठीचं अल्कोहोल विमानातून कॅनभर नेता येत नाही, तिथेच विकत घ्यावं लागतं, तेही धर. गोळा करण्याचा परवाना वेगळा, देशाबाहेर नेण्याचा वेगळा, आणि दोन्ही रखडतात.

‘मला फुलपाखरं आवडतात’ एवढ्यावर कोणी पैसे देत नाही, बरं का. प्रश्न कोणता, सापळे किती, आठवडे किती, ते लिही.