क्लाउड सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डाचा आयपी रीबूटनंतर का उडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली मार्केट यार्डातल्या अडत दुकानांच्या हिशोबासाठी मुंबई रीजनमध्ये उबंटूचे ३ सर्व्हर घेतलेत. आपसातल्या ट्रॅफिकसाठी प्रत्येकाला दुसरं नेटवर्क कार्ड जोडलंय. त्याचा आयपी रीबूटनंतर उडतो, आणि असला तरी पिंग लागतो पण डेटाबेसची कॉपी मध्येच अडकते. हे दोन वेगळे घोळ आहेत.

आयपी उडतो कारण तो तुम्ही ‘५०-क्लाउड-इनिट.यामल’मध्ये लिहिलाय. ती फाइल क्लाउड-इनिटच्या, म्हणजे बूट होताना सर्व्हरची सुरुवातीची सेटिंग करणाऱ्या प्रोग्रामच्या, मालकीची. नवा सर्व्हर उभा राहताना तो ती लिहितो, काही क्लाउडवर तर दर बूटला. बऱ्याच इमेजमध्ये फाइलच्या डोक्यावरच तशी ताकीद छापलेली असते, पण कॉमेंट वाचतंय कोण!

नेटवर्कपुरता क्लाउड-इनिट बंदच करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. क्लस्टरमध्ये मी तसं करणार नाही. उद्या याच इमेजवरून चौथा सर्व्हर काढलात तर त्यात जुन्या कार्डाचा मॅक पत्ता (हार्डवेअर क्रमांक) राहील आणि तो नेटवर्कशिवायच उठेल. त्यापेक्षा त्याच फोल्डरात ‘६०-खासगी.यामल’ अशी वेगळी फाइल ठेवा. नेटप्लॅन (उबंटूचं नेटवर्क सेटिंगचं साधन) फाइली नावाच्या क्रमाने वाचतो, नंतरची आधीच्यावर चढते. फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी.

त्यात फक्त दुसरं कार्ड: डीएचसीपी (आपोआप आयपी मिळणं) बंद, पत्ता १०.०.२.११/२४ असा. पॅनेलमध्ये त्या कार्डाला दिलेला आयपीच लिहा. मनाने दुसरा टाकलात तर क्लाउड ती पॅकेट वाटेतच टाकून देतं. इथे गेटवे लिहू नका. डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा मुख्य रस्ता) पहिल्या कार्डावर एकच हवा, नाहीतर एका दारातून आलेल्या पॅकेटचं उत्तर दुसऱ्या दारातून जातं. आणि यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्या.

मग ‘नेटप्लॅन ॲप्लाय’ नव्हे, ‘नेटप्लॅन ट्राय’. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. सांगलीत बसून मुंबईतल्या मशिनला मॉनिटर लावता येत नाही, तेव्हा ही १२० सेकंदं लाखमोलाची. तरीही सौदे चालू असताना हात लावू नका.

आता अडकणारी कॉपी. लहान पिंग जातो, मोठं पॅकेट मरतं, म्हणजे संशय एमटीयूवर, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकारावर. खासगी नेटवर्क व्हीएक्सलॅनवर (एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेण्याची पद्धत) असेल तर ५० बाइट त्याच्या वेष्टनातच जातात, १५०० पैकी हाती १४५० उरतात. ‘पिंग -एम डू -एस १४७२’ (एम कॅपिटल; पॅकेट न तोडता पाठवायला) करून बघा. वर २८ बाइटचे हेडर धरून ते १५०० होतात. हा अडला आणि १४२२ गेला, तर त्या फाइलीत एमटीयू १४५० लिहा. तिन्ही सर्व्हरवर आकडा एकच. त्यावर कुबरनेटीसचं (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) व्हीएक्सलॅन चढवणार असाल तर पॉडसाठी, म्हणजे तिच्या कंटेनरांच्या गटांसाठी, आणखी ५० वजा, म्हणजे १४००.