मामा परदेशात, जावळ कसं काढायचं?

प्रश्न : माई, लेकीला अकरावा महिना लागलाय. सासूबाई म्हणतात, याच महिन्यात जावळ काढायचं, बारावा सम म्हणून चालत नाही. पण बाळ मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, आणि माझा एकुलता भाऊ जर्मनीत. दिवाळीशिवाय येत नाही. त्यात जाऊबाई म्हणतात, मुलींचं जावळ काढतच नाहीत. वस्तरा फिरवला की केस दाट येतात, हे तरी खरं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अगं, मामावाचून जावळ अडलेलं मी तरी पाहिलं नाही. चुलतमामा, मावसमामा, मानलेला मामा, कुणीही चालतो. १९८१ साली वाईला गणपती घाटावर आमच्या धाकट्याचं जावळ काढलं, तेव्हा माझ्या भावाची एसटी वाटेतच बंद पडली. शेवटी शेजारचे तात्या मांडी घालून बसले. पोराने त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

महिन्याचं म्हणशील, तर आश्वलायन गृह्यसूत्र (घरच्या संस्कारांचा जुना ग्रंथ) चौलाला, म्हणजे जावळालाच, तिसरं वर्ष सांगतं, आणि लगेच ‘किंवा कुळाच्या रिवाजाप्रमाणे’ अशी पुस्तीही जोडतं. म्हणजे भावासाठी दिवाळीपर्यंत थांबलात तरी शास्त्र आडवं येत नाही. सासूबाईंना मात्र हे सूत्र ऐकवू नकोस. ‘मामाच्या हौसेसाठी थांबू या का?’ एवढंच विचार. मुलींचं जावळ आमच्याकडे काढतात, काही घरांत नुसती बट कापतात. तुमच्या घरची रीत सासूबाईंनाच ठाऊक.

दाट केसांचं खरं नाही. केसाचं मूळ कातडीखाली असतं, वस्तरा तिथवर पोचत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून नवा केस राठ लागतो, इतकंच.

मी घाबरते ती वस्तऱ्याला. धाकट्याने ऐन वेळी मान वळवली आणि कानामागे चिरलं. हळद चेपून वेळ निभावली. तेव्हा एकच वस्तरा सगळ्यांना फिरायचा. तू मशीनच वापरायला सांग, नाहीतर नवं पातं समोर उघडायला लाव. टाळू भरायला दीडेक वर्ष लागतं, तिथे हात हलका हवा. आणि झोप, दूध झाल्यावरच बसवा, मुहूर्त काही का असेना.

केस आम्ही कणकेच्या गोळ्यात घालून कृष्णेत सोडले होते. तुम्ही कुंडीतल्या मातीत पुरा.

भाऊ टोपी पाठवणार असेल तर माप केस गेल्यावरचं धरायला सांग. आमच्या धाकट्याची टोपी थेट नाकावर आली होती.