अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे आधीच दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, मग कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध घ्यायलाच हवं का?

हो, घ्यायलाच हवं. ‘माझं पोट तर रोजच साफ होतंय’ हे वाक्य आमच्या घरात इतकं चघळून झालंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. वारंवार जाणं वेगळं, आतडं रिकामं असणं वेगळं. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते. ती गुदाशयात आणि डाव्या बाजूला असली की तिथं जरा काही साचलं तरी कळ येते, रक्त-आव पडते, आणि वर उजवीकडं मळ निवांत बसलेला असतो. कित्येकांना तर वरच्या भागात चक्क बद्धकोष्ठ असतं. आजार जुना असेल, म्हणजे साधारण आठ वर्षांपुढं, तर ही तपासणी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघणं, कॅन्सरच्या आधीचे बदल शोधायलाही असते. ते बदल बऱ्याचदा सपाट असतात, मळाच्या पातळ थराखालीही लपतात.

आता कोणतं औषध, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझं खरं भांडण तिथंच आहे.

आमचे दाजी मेडिकलवाले. मलाही हाच कोलायटिस. कोलोनोस्कोपीला शनिवारी सकाळची वेळ मिळाली आणि नेमकी शुक्रवारी आमच्या कोल्हापुरात गल्लीची त्र्यंबोली यात्रा. बाहेर पी-ढबाक वाजतंय, पोरी नव्या पाण्याचे कलश घेऊन टेंबलाईच्या टेकडीकडं निघाल्यात, घरात मटण-वड्यांचा घमघमाट, ताई-दाजी जेवायला आलेले. आणि मी सकाळी मऊ भात खाऊन, संध्याकाळी पावडरीच्या पाण्याचा जग पुढ्यात घेऊन बसलेलो. आईला बघवेना. म्हणाली, “पांढरा रस्सा तरी घे वाटीभर, पातळच आहे की.” आता पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस. बिया तर दोन-तीन दिवस आधीपासूनच बंद करायच्या असतात, दुर्बिणीची नळी तुंबते त्यांनी. पातळ म्हणजे आरपार दिसेल असं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, वरणाचं निवळ पाणी, कोरा चहा. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

तेवढ्यात दाजी वडा मोडत म्हणाले, “दोन लिटर काय ढोसतोयस? माझ्या दुकानात एवढीशी बाटली आहे, ग्लासभर पाण्यात टाकायची, विषय संपला.”

ती बाटली फॉस्फेटची. यांनीच कशाला, आधीच्या तपासणीला एका हॉस्पिटलनं मला तीच दिली होती. रिपोर्टात बारीक बारीक अल्सर आले आणि पुढं प्रश्नचिन्ह: कोलायटिस की क्रोन्स? क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार. त्या प्रश्नचिन्हानं माझी झोप उडवली, औषधं बदलायची भाषा सुरू झाली. नवीन डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट हातात घेतल्या घेतल्या विचारलं, “पोट साफ करायला काय प्यायला होता?” सोडियम फॉस्फेटनं आतड्याच्या अस्तरावर असे फोड उठू शकतात आणि ते क्रोन्ससारखेच दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणजे ज्या आजाराचा शोध घ्यायचा, त्याचं सोंग औषधच आणणार! म्हणून आमच्यासारख्यांना पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, जिला मेडिकलवाले पेग म्हणतात. ती अंगात फारशी शोषली जात नाही, सोबत क्षार असतात, आणि प्यायलेलं पाणीच आतडं धुऊन बाहेर पडतं. फॉस्फेट मात्र शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं.

दाजींचं उत्तर ठरलेलं, “एवढ्या लोकांना विकली, कुणाची तक्रार नाही.” दाजी, त्या लोकांना कोलायटिस नव्हता. आणि किडनीचं काय? अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्यानं, 2008 मध्ये तोंडावाटे घ्यायच्या फॉस्फेटवर किडनी खराब होण्याचा कडक इशारा उगाच दिला नव्हता. पेग घेऊन झालेल्या तपासणीत ते फोड दिसले नाहीत, हेही सांगून झालं. पण जावयाला सांगायचं कुणी?

पेगची चव वाईटच, खारट आणि बुळबुळीत. थंड करून, स्ट्रॉनं, सावकाश घ्या. मळमळ होत असेल तर उलटीची गोळी आधीच लिहून मागा. सगळं रात्रीच संपवू नका. अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीआधी चार-सहा तास, आणि दोन तास आधी पिणं बंद. माझी वेळ दहाची, त्यामुळं गजर पहाटे पाचचा. सकाळच्या हप्त्यानंच उजवी बाजू साफ होते. आतडं किती साफ झालं, याचे मोठ्या आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात, प्रत्येक भागाला निदान 2 पाहिजेत. माझे एकूण 9 पैकी 8 आले. तो कागद दाजींना व्हॉट्सअॅप केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: ताप, पोट फुगणं, भरपूर रक्त असा जोराचा झटका चालू असेल तर हे काहीही स्वतःच्या मनानं पिऊ नका. अशा वेळी डॉक्टर बहुतेक पूर्ण कोलोनोस्कोपी पुढं ढकलतात आणि औषध न देता खालचाच भाग छोट्या दुर्बिणीतून बघतात, कारण आतडं फाटायची भीती असते. आतडं कुठं अरुंद झालंय असं आधी सांगितलं असेल, किंवा हृदय-किडनीचा त्रास असेल, तर किती आणि कसं प्यायचं हे त्यांनाच ठरवू द्या. कोलायटिसची चालू औषधं, म्हणजे मेसालामाइन किंवा स्टिरॉइड, आपल्या मनानं थांबवू नका. लोहाच्या गोळ्या मात्र साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. वेळ घ्यायला फोन कराल तेव्हाच ते विचारून घ्या.